सव्वानऊची चिठ्ठी

माझा नवरा स्वतःच्या पायांनी वॉर्डात आला. डावा हात उजव्या हाताने धरलेला, शर्टाला हॉस्पिटलच्या पाण्याच्या टाकीचं हिरवं शेवाळ लागलेलं, आणि चेहऱ्यावर ओशाळलेलं हसू.

"पाय सटकला," बर्णबा म्हणाला. "शिडीवरून पडलो. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस, म्हणून आधी स्वतःच आलो."

"कुठे लागलं?"

"आपटलो बरगडीवर. पण गंमत बघ, दुखतोय खांदा."

मी हातातला थर्मामीटर ट्रेमध्ये ठेवला. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि नर्स होऊन पाच वर्षं झाली होती. डाव्या बरगडीखाली मार आणि डाव्या खांद्यात कळ, हे दोन्ही एकत्र दिसलं की काय समजायचं, ते मला रणभिसे डॉक्टरांनीच शिकवलं होतं. आत पानथरी, म्हणजे प्लीहा, फुटलेली असू शकते. बाहेर थेंब दिसत नाही आणि आतल्या आत माणूस रिकामा होत जातो.

"आडवा हो," मी म्हणाले.

"पंप चालू राहिलाय. टाकी वाहून जाईल."

"वाहू दे. आडवा हो."

त्याची नाडी शंभर होती. पोट अजून मऊ होतं, पण डाव्या बाजूला हात टेकवला की तो श्वास धरायचा. तेव्हा पावणेनऊ वाजले होते.

ही १९८६ सालची गोष्ट. तो झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरच्या आधीचा. आमचं मिशन हॉस्पिटल गोंदियाच्या पुढे, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून. कॅनडाच्या मिशनऱ्यांनी ते बांधलं, मग ते आपल्या देशी परत गेले आणि मागे आम्ही उरलो: चाळीस खाटा आणि साडेतीनशे माणसांची मेनोनाइट मंडळी. मेनोनाइट म्हणजे कोण, असं गावातले लोक विचारत. आम्ही सांगायचो, आम्ही हत्यार धरत नाही, शपथ घेत नाही आणि तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाही. माणूस जाणता झाला की त्याने आपल्या तोंडाने मागायचा, मग नदीत उभं करून द्यायचा.

त्या दिवशी अकरा जणांचा बाप्तिस्मा होता. सगळी मंडळी तीन किलोमीटरवर नदीच्या डोहाशी जमली होती. अकरावी होती सुवार्ता, डॉक्टरांची एकुलती एक मुलगी. डॉक्टर मंडळीतले वडीलधारे, म्हणून पाळकांच्या शेजारी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून एकेकाला धरायचं काम त्यांच्याकडे होतं.

थिओफिल रणभिसे यांच्याविषयी त्या भागात काय बोललं जायचं, ते सांगायला हवं. एका मारामारीच्या खटल्यात त्यांना साक्षीला बोलावलं होतं. शपथ घ्यायला सांगितल्यावर ते म्हणाले, "साहेब, मी रोज जसा बोलतो तसाच इथे बोलेन. त्याहून खरं बोलायला माझ्याकडे वेगळी जीभ नाही." न्यायाधीशांनी शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा लिहून घेतली. पण त्यांचं ते वाक्य चहाच्या टपरीपासून तहसील कचेरीपर्यंत फिरलं. ऑपरेशनच्या आधी ते डोळे मिटून अर्धा मिनिट उभे राहत. रोज संध्याकाळी सात वाजता घरी कौटुंबिक प्रार्थना असे. बायकोला सकाळचा चहा स्वतः करून देत. गावातल्या बायका हे एकमेकींना नवलाने सांगत.

पण त्याच घराला डॉक्टर कधी पुरे मिळाले नाहीत. सुवार्ता जन्मली तेव्हा ते सलग दोन दिवस कॉलऱ्याच्या रोग्यांत होते. मुलीचं तोंड त्यांनी तिसऱ्या दिवशी पाहिलं. तिचा बाप्तिस्मा दोनदा ठरला होता. एकदा अडलेली बाई आली, एकदा बस उलटली. दोन्ही वेळा डॉक्टर निघून आले आणि बापाशिवाय पाण्यात उतरणार नाही म्हणून मुलगी कोरडीच घरी परतली. म्हणून शनिवारी राउंड संपल्यावर ते आम्हा नर्सना म्हणाले, "उद्या बारा वाजेपर्यंत मी फक्त बाप आहे. कोणाचा जीवच जात असेल तरच बोलवा."

आम्ही हसलो होतो. तेही हसले होते.

दुसरे डॉक्टर महिन्यापूर्वीच नोकरी सोडून गेले होते. जीप नदीवर होती. नऊ वाजता बर्णबाची नाडी एकशे दहा झाली, सव्वानऊला एकशे चोवीस. त्याचे ओठ पांढरे दिसायला लागले. मी दोन्ही हातांना सलाइन लावलं आणि केसपेपरच्या मागे लिहिलं: "बर्णबा पडला. पोटात रक्तस्राव आहे. नाडी १२४, वाढते आहे. ताबडतोब या. हन्ना." वर वेळ घातली.

दमडू आमचा चौकीदार, पन्नाशीचा माणूस. मी त्याला म्हणाले, "सायकल काढ. नदीवर जा. ही चिठ्ठी दे आणि थांबू नकोस."

तो दहाला पाच कमी असताना परत आला. घामाघूम झाला होता.

"दिली?"

"देली जी."

"येतायत ना?"

"येतेतच."

मी ऑपरेशन थिएटर उघडलं. आयाने अवजारं उकळायला टाकली. बर्णबा आता फारसा बोलत नव्हता. त्याला तहान लागली होती आणि पाणी देता येत नव्हतं, म्हणून मी ओल्या कापसाने त्याचे ओठ टिपत होते.

"टाकीचा व्हॉल्व्ह बदलायला हवा," तो म्हणाला. "कोणाला तरी सांग."

"तूच बदल उद्या."

"उद्या नाही गं. परवा." थोड्या वेळाने म्हणाला, "जीप आली का?"

मला दर मिनिटाला जीप ऐकू येत होती. आमच्याकडे रक्तपेढी नव्हती. रक्त लागलं की मंडळीतलीच माणसं बाही वर करून पुढे येत, आणि त्या सकाळी सगळ्या बाह्या नदीवर होत्या. सव्वादहा झाले. दहा वाजून वीस झाले. रक्तदाब सत्तरच्या खाली गेला तेव्हा मी दमडूला ओरडून परत पाठवलं. "आता चिठ्ठी नाही. काठावरून हाक मार. जीव चाललाय म्हण."

अकराला पाच कमी असताना जीप आली. डॉक्टर धावत आले. पँट कमरेपर्यंत ओली, पायांत चप्पल नाही. मागून पाळकांचा मुलगा आणि आणखी दोघे रक्त द्यायला आले होते.

"किती वाजता पडला?"

"साडेआठ. सव्वानऊला चिठ्ठी पाठवली."

ते हात धूत होते. साबण हातातच राहिला. "सव्वानऊला?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी साबण ठेवला आणि हातमोजे ओढले. त्यांनी पोट उघडलं तेव्हा त्यात एवढं रक्त होतं, की ते कुठून येतंय हे शोधण्याआधीच ते थांबलं होतं. बर्णबा टेबलावरच गेला. अकरा पंचवीस. भूल द्यायला दुसरं कोणी नव्हतं, मुखवटा मीच धरला होता. डॉक्टरांनी माझ्या हातातून तो काढून घेतला. माझी बोटं सुटत नव्हती, त्यांनी एकेक सोडवली.

आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

सोमवारी मूठमाती दिली. गुरुवारपर्यंतच्या चार दिवसांत डॉक्टर रोज माझ्या क्वार्टरवर येऊन गेले. बसत, प्रार्थना करत, उठत. माझ्या तोंडाकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मला वाटायचं, वाचवू शकले नाहीत म्हणून लाजत असतील. मी स्वतःची समजूत घातली होती, की चिठ्ठी मिळाल्यावर पाण्यातून निघायला, माणसं गोळा करायला वेळ लागला असेल. कोणी मुद्दाम उशीर करत नाही.

गुरुवारी, उत्तम शुक्रवारच्या म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. आमच्यात त्याआधी एकमेकांचे पाय धुतात आणि त्याच्याही आधी कोणाचं कोणाशी काही बिनसलं असेल तर ते मिटवतात. मी जाणार नव्हते. पाळक आवळे स्वतः येऊन म्हणाले, "ये बाई. आज तू आलंच पाहिजेस." त्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

गीत संपल्यावर डॉक्टर उठून पुढे गेले.

"रविवारी सकाळी हन्नाने मला चिठ्ठी पाठवली," ते म्हणाले. आवाज रोजच्यासारखाच होता. "ती नदीवर वेळेत आली. मी ती वाचली. माझी मुलगी अजून पाण्यात उतरायची होती. मी तिला दोनदा निराश केलं होतं. मी मनाशी म्हणालो, अर्धा तास. तेवढ्याने काय होतं. त्या अर्ध्या तासात बर्णबा गेला. मी मंडळीपुढे आणि देवापुढे कबूल करतो. हा दोष माझा आहे. दुसऱ्या कोणाचाही नाही."

मागे एक बाई हुंदके देऊ लागली आणि तिचं ऐकून दुसऱ्या. सुवार्ता खाली मान घालून बसली होती. एस्तेरबाई, डॉक्टरांच्या पत्नी, सरळ समोर पाहत होत्या. त्यांच्या मांडीवर दोन्ही हात एकमेकांत घट्ट अडकवलेले होते.

अर्धा तास. मी ओल्या कापसाने त्याचे ओठ टिपत होते तो अर्धा तास. माझ्या आत जे उठलं त्याला मी तोवर कधी नाव दिलं नव्हतं. मला त्या माणसाच्या अंगावर धावून जायचं होतं. किंवा बाहेर जाऊन चिंचेखाली बसायचं होतं, आठ दिवस, महिनाभर, आणि मग कदाचित परत यायचं होतं.

"हन्ना," पाळक म्हणाले, "पुढे ये."

मी गेले.

"मेज मांडलेलं आहे. या मेजाशी येताना कोणाच्या मनात कोणाविषयी काही राहू नये. आपल्या भावाने सगळ्यांसमोर कबुली दिली. तू त्याला क्षमा करतेस?"

डॉक्टर माझ्यासमोर गुडघे टेकून बसले होते. त्यांचं टक्कल पडायला लागलं होतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा वरून दिसलं. साडेतीनशे माणसं वाट पाहत होती. पांढऱ्या कपड्याखाली भाकर वाट पाहत होती. उद्या सांगते, असं म्हणायची तिथे सोय नव्हती.

"केली," मी म्हणाले.

"जरा मोठ्याने, बाई," पाळक मायेने म्हणाले. "मागे ऐकू गेलं नाही."

"केली."

सगळी मंडळी एकदम रडायला लागली. पुरुषसुद्धा. कोणीतरी गीत उचललं. जुन्या लोकांनी नंतर सांगितलं, की तसा आत्मा त्यांनी चर्चमध्ये पूर्वी कधी अनुभवला नव्हता.

पाय धुवायला बायका शाळेच्या खोलीत गेल्या. माझ्यासमोर एस्तेरबाई घमेलं घेऊन बसल्या. त्या मिशनच्या शाळेत शिकवत. मलाही त्यांनी पहिलीला शिकवलं होतं. त्यांनी माझा पाय पाण्यात घेतला आणि तो कितीतरी वेळ सोडलाच नाही. शेजारच्या बायकांचे धुऊन, पुसून झाले, त्या उठल्या, तरी यांचं चालूच. त्यांचे हात गार पडले होते. एकदा त्यांनी मान वर केली, ओठ उघडले आणि परत मिटले. मला वाटलं, नवऱ्याच्या पापाची लाज वाटतेय. मला त्यांची कीव आली. मीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू द्या, बाई."

शनिवारी दुपारी दमडू क्वार्टरवर आला. बर्णबाची सायकल पंपाशी राहिली होती, ती घेऊन आला होता. सायकल भिंतीला लावली आणि तिथेच घुटमळत राहिला. तो आमच्या मंडळीतला नव्हता. गुरुवारी चर्चमध्येही नव्हता.

"सिस्टरबाई, एक इचारू का? रागावसान तं नाही?"

"विचार."

"लोक म्हनतेत, डाक्टरनं चर्चात सांगतलं, का चिठ्ठी त्याहिले भेटली होती म्हनून."

"हो."

"कशी भेटली जी? डाक्टर तं पान्यात होते. म्या बाईच्या हाती देली होती."

"कोणत्या बाई?"

"डाक्टरीनबाई. झाडाखाली बसल्या होत्या. म्या म्हनलं, डाक्टरले द्याची हाय, बिमार लय सिरियस हाय. त्याहिनं वाचली, पर्समंदी ठेवली. 'मी सांगतो, तू जाय,' म्हने." त्याने टोपी काढून हातात धरली. "म्या डाक्टरलेच आवाज द्याले पाह्यजे होता का? पन सगळे गानं म्हनत होते. माही चूक झाली का जी?"

दिली का, एवढंच मी त्या दिवशी विचारलं होतं. कोणाला दिली, हे विचारलं नव्हतं.

"नाही दमडू," मी म्हणाले. "तुझी काही चूक नाही."

त्या आठवड्यात मी मनापासून माफ केलेला तो एकच माणूस, आणि त्याने काही केलेलंच नव्हतं.

मी तशीच हॉस्पिटलमध्ये गेले. डॉक्टर ओपीडीच्या खोलीत एकटेच लिहीत बसले होते.

"चिठ्ठी बाईंना मिळाली होती," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. दार लावायला उठले, पण नर्सबरोबर एकटं असताना दार लावायचं नाही हा त्यांचाच नियम होता, म्हणून अर्धंच लोटून परत आले.

"हो. एस्तेरला मिळाली."

"तुम्हाला कधी कळलं?"

"रविवारी दुपारी. तुझ्या तोंडून सव्वानऊ ऐकलं तेव्हाच समजलो. घरी जाऊन विचारलं. तिने पर्समधून काढून हातात दिली."

"काय म्हणाल्या?"

"तिला वाटलं, नवरा आहे म्हणून तू घाबरलीस. नेहमी कोणीतरी घाबरून बोलावतं आणि मी जातो. ती म्हणाली, या एका वेळी अर्धा तास मागितला. आयुष्यात एकदा."

"चिठ्ठीत मी नाडी लिहिली होती."

"तिला नाडीचं कळत नाही, हन्ना."

"'ताबडतोब' तर कळतं ना? मला त्यांनीच शिकवलंय वाचायला."

त्यांनी पेनला टोपण लावलं.

"तुम्ही मंडळीपुढे खोटं बोललात."

"हो."

"देवापुढे."

"हो. त्याला मी तोंड देईन. ते माझं आणि त्याचं."

"आणि माझं?"

त्यांनी चष्मा काढला. डोळे सुजलेले होते. "हे बाहेर गेलं तर एस्तेर या गावात राहू शकणार नाही. शाळेत मुलांसमोर उभी राहू शकणार नाही. सुवार्ताला जन्मभर वाटेल, की तिच्या बाप्तिस्म्यापायी माणूस मेला. माझ्यावर आलं तर मी पेलतो. लोक मला क्षमा करतात. डॉक्टरला करतात लोक."

"लोकांनी नाही केली. मला उभं केलं होतं पुढे."

"हो."

"मग मी क्षमा कोणाला केली, डॉक्टर साहेब? तुम्ही तर काही केलंच नव्हतं."

बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ओढत नेत होतं. त्याचा आवाज व्हरांड्याच्या टोकाला गेला.

"तुझ्याकडे काही मागायचा मला हक्क नाही," ते म्हणाले. "तरी मागतो. हे कोणाला सांगू नकोस. माझ्यासाठी नाही, त्या दोघींसाठी."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी विचारलं, "चिठ्ठी तुमच्या हातात पडली असती तर तुम्ही आला असता?"

"त्याच क्षणी."

"तिसऱ्यांदा मुलीला सोडून?"

"त्याच क्षणी, हन्ना."

"आणि तो वाचला असता?"

तेव्हा त्यांना काहीही सांगता आलं असतं. सांगणं कठीण, पानथरी फार फाटली होती, रक्त नव्हतं, भूल द्यायला माणूस नव्हता. मी नर्स होते तरी मी त्यातलं काहीही मानलं असतं. मी ते मानायलाच तिथे उभी होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रविवारपासून पहिल्यांदा.

"दहाच्या आत पोट उघडलं असतं, तर वाचला असता," ते म्हणाले.

बायकोसाठी ते साडेतीनशे माणसांसमोर गुडघे टेकून खोटं बोलले होते. माझ्यासाठी अर्ध्या लोटलेल्या दाराआड एवढंसं खोटं बोलायला हवं होतं. पण माझ्याशी ते नेहमीसारखं खरं बोलले.

मी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. मी ड्यूटी मागून घेतली. जायला दुसरी जागा नव्हती. आई भावाकडे, भावाचं घर दोन खोल्यांचं. क्वार्टर हॉस्पिटलचं, पगार हॉस्पिटलचा. त्यानंतर बावीस वर्षं मी डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून त्यांच्या हातात अवजारं दिली. ते चांगले डॉक्टर होते. चांगले माणूस होते, असंही मी म्हणेन. त्यांनी शेकडो माणसं वाचवली, त्यातली निम्मी माझ्या डोळ्यांदेखत. माझ्या आईचं हर्नियाचं ऑपरेशन त्यांनीच केलं. त्या शनिवारनंतर आमच्यात ती गोष्ट पुन्हा निघाली नाही.

मंडळीत मात्र ती सारखी निघायची. नवे पाळक आले की त्यांना सांगितली जायची. तरुणांच्या शिबिरात सांगितली जायची. परगावचे पाहुणे आले की चहा देता देता कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवायचं आणि पाहुणे उठून माझा हात हातात घ्यायचे. डॉक्टरांची कबुली आणि विधवेची क्षमा. त्या गोष्टीत मी इतकी चांगली होते, की प्रत्यक्षात मला कधी कोणावर चिडता आलं नाही. वॉर्डात आवाज चढला तरी पोरी म्हणायच्या, "सिस्टर, तुम्ही? आणि रागावता?"

एस्तेरबाई नाताळला फराळाचं ताट स्वतः आणून द्यायच्या. आणि दर वर्षी त्या गुरुवारी घमेलं घेऊन माझ्याच समोर यायच्या. एखादी दुसरी बाई माझ्यासमोर बसायला लागली तर तिला बाजूला करायच्या. बावीस वर्षं त्यांनी माझे पाय धुतले. तोंडातून एक शब्द काढला नाही.

डॉक्टर २००८ साली गेले. अंत्यविधीला दोन जिल्ह्यांतली माणसं आली होती. नवे पाळक तरुण होते, त्यांनी ती गोष्ट फार सुंदर सांगितली. हा माणूस आयुष्यात एकदाही खोटं बोलला नाही, असं ते म्हणाले. मी समोरच्या ओळीत बसले होते, कारण मला तिथेच बसवलं होतं.

तिसऱ्या दिवशी एस्तेरबाई काठी टेकत माझ्या दारात आल्या. शहात्तर वर्षांच्या झाल्या होत्या. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"हन्ना," त्या म्हणाल्या, "तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. त्यांनी सांगितलं होतं. मला बोलायचं होतं त्याच आठवड्यात. त्यांनी बोलू दिलं नाही. आता ते नाहीत." त्यांना धाप लागली होती. "या रविवारी मी मंडळीपुढे उभी राहणार. सगळं खरं सांगणार. हे पोटात घेऊन मला वर जायचं नाही."

"नको, बाई."

त्यांना ऐकू आलं नसावं असं वाटून मी पुन्हा म्हणाले, "नका उभ्या राहू."

"का गं? लोकांना खरं कळायला नको?"

"तुम्ही उभ्या राहिलात की पाळक मला पुढे बोलावतील."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"आणि क्षमा करतेस का, असं मला विचारतील," मी म्हणाले. "आणि सगळे वाट बघतील. माझ्याकडे एकच होती, बाई. ती मी तेव्हा देऊन बसले."

त्या जायला वळल्या. मी त्यांना हात धरून पायऱ्या उतरवल्या, फाटकापर्यंत सोडलं.

रविवारी त्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या. उपदेश झाला. कोणाला काही कबूल करायचं असेल तर उभं राहा, असं पाळक म्हणाले आणि थोडा वेळ थांबले. मी मान वळवली नाही. मागे काठी वाजली नाही. मग पाळकांनी गीताचा आकडा सांगितला आणि आम्ही सगळे उभे राहिलो.